ॲपवर .२५०, पण पोरगं सुधारतंय का? मुलांच्या बेसबॉलचे आकडे सोप्या भाषेत

अमेरिकेत थंडी सरली, मैदानं सुकली, की तिथल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळीच भाषा सुरू होते. ‘आज दोन के झाले, पण एक बीबी मिळाला. ओबीपी अजून चारशेच्या वर आहे.’ लिहिणारे बाबा तिकडे, वाचणारे आजोबा इकडे. आजोबा टाळ्या पाठवून मोकळे होतात. ओबीपी चारशे म्हणजे चांगलं की वाईट, हे विचारायचं राहूनच जातं. आणि खरं सांगायचं तर बाबांनाही ते पक्कं ठाऊक असतंच असं नाही.

पूर्वी मुलाचा सामना बघायचा तर मैदानावर जाऊन बसावं लागे. आता गेमचेंजरसारख्या ॲपवर संघातलाच कुणीतरी मोठा माणूस प्रत्येक चेंडूची नोंद करतो आणि घरच्यांच्या फोनवर ती त्याच क्षणी उमटते. सामना संपला की दहा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे व्यावसायिक खेळाडूला शोभतील एवढे रकाने भरलेले असतात. आकडे समोर आले की आपण शेजारच्या रांगेतल्या मुलाचेही बघतोच. तिथून काळजी सुरू होते, खासगी कोच सुरू होतो, आणि कधीकधी मुलाचं खेळणं नकोसं होणंही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. त्या रकान्यांतले बहुतेक आकडे मुलाची प्रगती सांगतच नाहीत. जो एक आकडा डोळ्यांत तेल घालून पाहायला हवा, तो मात्र पालक सहसा पाहत नाहीत.

क्रिकेट डोक्यात ठेवूनच सुरुवात करू

चेंडू टाकणारा तो पिचर, मारणारा बॅटर, बॅटरच्या मागे बसून झेलणारा कॅचर. बॅटरच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत आणि होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरजवळच्या जमिनीतल्या पाटीच्या, रुंदीइतकी एक अदृश्य चौकट असते, ती स्ट्राइक झोन. चौकटीतून गेलेला चेंडू सोडला तर स्ट्राइक, चौकटीबाहेरचा सोडला तर बॉल. बॅट फिरवली आणि हुकली तर चेंडू कुठेही असो, स्ट्राइकच. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. हाच स्ट्राइकआऊट, लिहिताना ‘के’. चार बॉल झाले तर पहिला बेस, म्हणजे धावण्याच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट. हा वॉक, लिहिताना ‘बीबी’. सगळे बेस पार करून होम प्लेटवर परतलं की एक रन. तीन बाद झाले की संघाची पाळी संपते; दोन्ही संघांची एकेक पाळी म्हणजे एक इनिंग. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या मेजर गटात, म्हणजे साधारण नऊ ते बारा वर्षांच्या मुलांत, सामना सहा इनिंगचा असतो. हायस्कुलात सात आणि मोठ्यांच्या मेजर लीगमध्ये नऊ.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला खरी अडचण नियमांची नसते, अपेक्षेची असते. आपल्याकडे फलंदाज दहा-बारा चेंडूंत बाद झाला की तो ‘लवकर गेला’. बेसबॉलमध्ये बाद होणं हाच नेहमीचा निकाल. अमेरिकन आणि नॅशनल लीग, म्हणजे आजच्या मेजर लीगच्या दोन शाखांत, पूर्ण हंगामात .४०० ची सरासरी, म्हणजे दहातल्या चार वेळा यशस्वी फटका, राखणारा शेवटचा बॅटर टेड विल्यम्स, .४०६, साल १९४१. त्यानंतर या दोन लीगमध्ये आजवर कुणालाही ते जमलेलं नाही. २०२४ मध्ये सगळ्या मेजर लीगची मिळून सरासरी .२४३ होती. म्हणजे जगातले सर्वोत्तम बॅटर चारातल्या तीन वेळा अपयशी ठरतात आणि त्याचे कोट्यवधी डॉलर घेतात. तेव्हा तुमच्या मुलीने तीनदा बॅट घेऊन एकही हिट मारली नाही, तर तो वाईट दिवस नव्हे, नेहमीसारखाच एक दिवस आहे.

(हो, मुलीसुद्धा. लिटल लीग १९३९ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला कार्ल स्टोट्झ यांनी सुरू केली तेव्हा मुलींना जागा नव्हती. न्यू जर्सीतल्या न्यायालयीन लढाईनंतर १९७४ मध्ये दार उघडलं.)

.३३३ आलं कुठून?

समजा, तुमचं मूल एका सामन्यात चारदा बॅटिंगला आलं. पहिल्यांदा स्ट्राइकआऊट. दुसऱ्यांदा वॉक. तिसऱ्यांदा मैदानात मोकळ्या जागी फटका मारून पहिल्या बेसवर; ही हिट. चौथ्यांदा चेंडू सरळ क्षेत्ररक्षकाकडे गेला, पण त्याच्या हातून सुटला आणि तुमचं मूल बेसवर पोचलं.

बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट, म्हणजे सरासरीच्या हिशेबात धरलेल्या खेळ्या. वॉक ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत, त्यामुळे चार खेळ्या असल्या तरी ॲट-बॅट तीनच. चौथ्या वेळी मूल बेसवर पोचलं खरं, पण ती क्षेत्ररक्षकाची चूक, म्हणून हिट नाही. ॲट-बॅट मात्र मोजला जातो. एक हिट, तीन ॲट-बॅट, म्हणून .३३३. वाचताना पुढचा टिंब विसरून ‘तीनशे तेहतीस’ म्हणतात. आजोबांना कळवलेलं ‘चारशे’ ते हेच, हजारातलं माप.

ओबीपी म्हणजे ऑन-बेस पर्सेंटेज. त्यात वॉकही जमेला धरतात, चेंडू अंगावर लागून मिळालेला बेसही. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे मिळालेला बेस मात्र इथेही धरत नाहीत. वरच्या उदाहरणात चारपैकी दोनदा, म्हणून .५००. लहान मुलांच्या सामन्यांत हा आकडा फसवा असतो, कारण नऊ-दहा वर्षांच्या पिचरला चौकट सापडतच नाही. बॅट खांद्यावर ठेवून नुसतं उभं राहणाऱ्या मुलाचा ओबीपी झकास येतो. त्यात मुलाचं कौतुक किती आणि समोरच्या पिचरची दैना किती, हे त्या तीन आकड्यांतून कळत नाही.

या सगळ्या हिशेबामागे एका क्रिकेटवेड्या माणसाचा हात आहे. हेन्री चॅडविक इंग्लंडमध्ये जन्मले, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटचं वार्तांकन करत असत आणि मग बेसबॉलकडे वळले. सामना एका तक्त्यात मांडणारा बॉक्स स्कोअर त्यांनी १८५९ मध्ये रूढ केला. स्ट्राइकआऊटसाठी ‘के’ हे अक्षरही त्यांच्याच नावावर आहे. तेव्हा ॲप बघून डोकं चक्रावलं, तर दोष आपल्याच घराण्याकडे जातो.

हे लिहितं कोण?

मेजर लीगमध्ये अधिकृत स्कोअरर असतो. मुलांच्या सामन्यात एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात फोन घेतलेली कुणाची तरी आई किंवा बाबा असतात. फटका जोरात होता म्हणून सुटला की क्षेत्ररक्षकाने ढिलाई केली, हा निर्णय त्यांचा. नियम म्हणतो की साधारण प्रयत्नात जे जमायला हवं होतं ते जमलं नाही तर ‘एरर’. आठ वर्षांच्या मुलाचा साधारण प्रयत्न म्हणजे किती? याला उत्तर नाही. काही स्कोअरर दिलदार असतात, प्रत्येक सुटलेल्या चेंडूला हिट देतात. काही कडक असतात. आपल्याच मुलाचा फटका असेल तर माणूस किती तटस्थ राहतो, हा वेगळाच प्रश्न. चाळीस ॲट-बॅटच्या हंगामात असे चार निर्णय इकडचे तिकडे झाले, तर सरासरी शंभरने हलते. .२०० चा मुलगा .३०० चा होतो, एकही वेगळा फटका न मारता.

पिचरचा ईआरए म्हणजे अर्न्ड रन ॲव्हरेज तर याहून घसरडा. एररमुळे झालेले रन वगळून, पूर्ण सामन्याच्या मापाने पिचरने किती रन दिले, असा तो हिशेब. पण पूर्ण सामना किती इनिंगचा धरायचा? तीन इनिंगमध्ये दोन रन दिले, तर सहाच्या हिशेबाने ईआरए ४.००, सातच्या हिशेबाने ४.६७ आणि नऊच्या हिशेबाने ६.००. कामगिरी तीच. दोन संघांच्या ॲपमधली सेटिंग वेगळी असेल, तर दोन पिचरची तुलनाच बाद. शिवाय इनिंगच्या रकान्यातलं २.१ म्हणजे दोन पूर्णांक एक दशांश नव्हे. दोन इनिंग आणि वर एक बाद. क्रिकेटमधल्या षटकांसारखंच.

शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही

ही म्हण खरी ठरते, कारण पातेल्यातलं प्रत्येक शीत एकाच वाफेवर शिजलेलं असतं. ॲट-बॅट तसे नसतात. एक ॲट-बॅट संघाच्या सर्वांत वेगवान पिचरविरुद्ध, दुसरा आज पहिल्यांदाच चेंडू टाकायला उभ्या राहिलेल्या पोराविरुद्ध. एक फटका सणसणीत पण थेट हातात, दुसरा बॅटच्या कडेला लागून हळूच घरंगळला आणि हिट ठरला.

थोडं गणित करू. समजा, एखाद्या मुलाची खरी कुवत .३०० आहे, म्हणजे हजार ॲट-बॅट मिळाले असते तर सुमारे तीनशे हिट झाल्या असत्या. पण हंगामात मिळाले चाळीस. अपेक्षा बारा हिटची. नुसत्या योगायोगाच्या हिशेबाने, चार हंगामांपैकी साधारण तीन हंगामांत हा मुलगा नऊ ते पंधरा हिट मारेल. म्हणजे त्याची सरासरी .२२५ पासून .३७५ पर्यंत कुठेही दिसू शकते, आणि चौथ्या हंगामात त्याच्याही बाहेर. मुलगा तोच, हात तोच. एका वर्षी तो संघातला तारा वाटेल, पुढच्या वर्षी ‘याला काय झालं?’ असं वाटेल.

म्हणून एका शनिवार-रविवारच्या स्पर्धेनंतर ‘फॉर्म गेला’ म्हणून बॅटिंग कोचला फोन लावणारे पालक बहुधा योगायोगाशी भांडत असतात. आणि गंमत बघा, वाईट आठवड्यानंतर कोच लावला की पुढचा आठवडा सहसा बरा जातोच. तो कोच न लावताही बराच गेला असता, पण फी मात्र आता ठरून गेली.

वय बारा, पण बारा म्हणजे किती?

लिटल लीगमध्ये मुलाचं ‘लीग एज’ म्हणजे त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला असलेलं पूर्ण वय. १ सप्टेंबरला जन्मलेलं मूल आणि पुढच्या वर्षी ३१ ऑगस्टला जन्मलेलं मूल एकाच वयाचे म्हणून खेळतात. कागदावर दोघं बारा, प्रत्यक्षात अंतर जवळपास एका वर्षाचं. त्यात वयात येण्याची वेळ प्रत्येकाची वेगळी. एकाला मिसरूड फुटलेलं, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही. या वयात सर्वांत लांब फटका मारणारा मुलगा बहुतेक वेळा सर्वांत कुशल नसतो, सर्वांत आधी वाढलेला असतो. दोन-तीन वर्षांनी बाकीचे उंची गाठतात तेव्हा चित्र बदलतं. उशिरा वाढणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हे कागदावर लिहून फ्रिजला लावावं.

त्यात मैदानही मुलांबरोबर वाढतं. मेजर गटात पिचर आणि होम प्लेट यांच्यात ४६ फूट आणि दोन बेसांत ६० फूट. मधल्या इंटरमीडिएट गटात ५० आणि ७०. त्यापुढे थेट मोठ्यांचं मैदान, ६० फूट ६ इंच आणि ९० फूट. तेरा-चौदाव्या वर्षी मूल या मैदानावर येतं तेव्हा कालपर्यंत हिट ठरणारा सरपटता चेंडू आज त्याला बाद करतो, कारण पहिला बेस तीस फूट लांब गेलेला असतो. सरासरी धाडकन पडते. मूल मागे गेलेलं नसतं, बेस पुढे गेलेला असतो.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. ४६ फुटांवरून ताशी ७० मैलांनी आलेला चेंडू बॅटरपर्यंत जितक्या वेळात पोचतो, तितकाच वेळ मोठ्या मैदानावर ताशी ९२ मैलांच्या चेंडूला लागतो. म्हणजे लवकर वाढलेल्या बारा वर्षांच्या पिचरसमोर उभं राहणं हे मेजर लीगच्या पिचरसमोर उभं राहण्याइतकंच घाईचं. तिथे स्ट्राइकआऊट झालेल्या मुलाला ‘नीट बघून मार ना’ असं जाळीमागून सांगणाऱ्यांनी एकदा स्वतः उभं राहून बघावं.

बॅटचंही असंच. लिटल लीगच्या मेजर गटात २०१८ पासून, लाकडी बॅट सोडली तर, ‘यूएसए बेसबॉल’ या राष्ट्रीय संघटनेचा शिक्का असलेलीच बॅट चालते; ती लाकडी बॅटच्या जवळ जाणारी, जरा मवाळ. ट्रॅव्हल बॉलच्या, म्हणजे गावोगाव स्पर्धा खेळत फिरणाऱ्या निवडक संघांच्या, बऱ्याच स्पर्धांत जास्त उसळी देणाऱ्या बॅट चालतात. हायस्कुलात पुन्हा वेगळी, कमी उसळीची. एकाच मुलाचे दोन संघांतले आकडे शेजारी ठेवून बघणं म्हणूनच निरर्थक.

मग सुधारणा दिसते कुठे?

निकालात कमी आणि निर्णयात जास्त. बॅटरच्या बाबतीत मी तीनच गोष्टी पाहीन. वाईट चेंडूंवर बॅट फिरवणं कमी होतंय का? दोन स्ट्राइक झाल्यावर मूल गोठतं की झुंजतं? आणि बॅटला चेंडू नीट लागतोय का, मग तो कुणाच्या हातात गेला तरी चालेल. ॲपमध्ये ‘क्वालिटी ॲट-बॅट’ नावाचा रकाना असतो. सहा किंवा जास्त चेंडू खेळून काढणं, कडक फटका, वॉक अशा गोष्टी त्यात जमेला धरतात, बाद झालं तरी. मुलांसाठी मला तोच रकाना सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण मुलाच्या हातात असलेल्या गोष्टी तो मोजतो.

पिचरच्या बाबतीत ईआरए विसरा, शंभर चेंडूंपैकी स्ट्राइक किती ते बघा. मेजर लीगमध्येही हे प्रमाण साठ-पासष्टच्या दरम्यानच असतं. मुलाने पन्नाशी गाठली आणि वॉक कमी होत गेले, तर ती भक्कम प्रगती. चेंडूचा वेग मोजणाऱ्या रडार गनचा आकडा पालकांना भुरळ घालतो खरा, पण वाढत्या वयात वेग उंचीबरोबर येतो. त्याचं श्रेय किंवा दोष मुलाला देऊ नये.

आणि ज्याला ॲपमध्ये रकानाच नाही असं पुष्कळ काही असतं. फटका दुसरीकडे गेला तरी आपल्या बेसला आधार द्यायला धावणं. चेंडू हातात यायच्या आधीच तो कुठे फेकायचा हे ठरलेलं असणं. एरर झाल्यावर पुढच्या चेंडूला पुन्हा तयारीत उभं राहणं. हे सगळं मैदानावर गेल्याशिवाय दिसत नाही, आणि गेल्यावरही फोनमध्ये डोकं असेल तर दिसत नाही.

जपायचा आकडा: पिच काउंट

आता मुद्द्याचं. पिच काउंट म्हणजे पिचरने सामन्यात बॅटरला टाकलेल्या चेंडूंची संख्या. बस. यात ना स्कोअररचं मत, ना योगायोग, ना मैदानाची लांबी. लिटल लीगने २००७ पासून इनिंगऐवजी चेंडू मोजायला सुरुवात केली. एका दिवसाची मर्यादा सात-आठ वर्षांना ५०, नऊ-दहाला ७५, अकरा-बाराला ८५ आणि तेरा ते सोळाला ९५.

मर्यादेइतकीच विश्रांती महत्त्वाची. चौदा वर्षांपर्यंत दिवसात २० चेंडूंपर्यंत विश्रांतीची सक्ती नाही. २१ ते ३५ चेंडू टाकले तर एक पूर्ण दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ च्या पुढे चार दिवस. त्यामुळे हुशार कोच ३५ व्या किंवा ५० व्या चेंडूच्या आसपास पिचर बदलतात. ते तुमच्या मुलावरचा अविश्वास नसतो, परवाचा सामना असतो. आणखी एक नियम पालकांना हमखास माहीत नसतो. ज्याने ४१ किंवा जास्त चेंडू टाकले, त्याला त्या दिवशी कॅचर म्हणून उभं करता येत नाही. कारण उघड आहे: कॅचर प्रत्येक चेंडू पिचरकडे परत फेकत असतो. हाताला ‘हे मोजलेलं, ते न मोजलेलं’ असा भेद कळत नाही.

हे सगळं कशासाठी? वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी ग्रोथ प्लेट असते, म्हणजे अजून पक्कं हाड न झालेली कास्थी. जोरात चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूला प्रचंड ताण पडतो. मोठ्या माणसात तो ताण अस्थिबंध सोसतो. मुलांत अस्थिबंधापेक्षा ही कास्थी कच्ची असते, म्हणून आधी तीच दुखावते. याला डॉक्टर ‘लिटल लीग एल्बो’ म्हणतात, आणि त्याचा पहिला उपाय म्हणजे फेकणं थांबवणं.

अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने ९ ते १४ वर्षांच्या ४८१ पिचरचा दहा वर्षं पाठपुरावा केला आणि निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले. वर्षात शंभराहून जास्त इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या साडेतीनपट होती. त्याच संस्थेचा आधीचा, २००६ चा अभ्यास याहून बोलका आहे. हातावर शस्त्रक्रिया करावी लागलेल्या किशोरवयीन पिचरची धडधाकट पिचरशी तुलना केली, तेव्हा हात थकलेला असताना नेहमी पिचिंग करणाऱ्यांचा धोका ३६ पट निघाला. वर्षातले आठ महिने उलटूनही सामन्यांत पिचिंग करत राहणाऱ्यांचा पाचपट.

त्यावरून २०१४ मध्ये मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी ‘पिच स्मार्ट’ ही मार्गदर्शक सूत्रं आणली. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी त्यात म्हटलंय: बारा महिन्यांत सगळे संघ मिळून ८० इनिंगच्या वर नको, आणि वर्षातले किमान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग.

‘पण तो म्हणतो, दुखत नाही’

म्हणणारच. त्याला खेळायचंय. शिवाय थकवा आणि दुखणं यांतला फरक दहा वर्षांच्या मुलाला कळत नाही, आणि ३६ पटीचा आकडा थकव्याचा आहे. तेव्हा विचारण्यापेक्षा बघा. चेंडू अचानक चौकटीच्या वर जायला लागले, कोपर खाली पडायला लागलं, दोन चेंडूंमधला वेळ वाढला, हात झटकला किंवा चोळला, की समजावं. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा खांद्याला दुखतंय असं तो स्वतःहून म्हणाला, तर बर्फ लावून पुढच्या सामन्याला न्यायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं.

‘झालीच दुखापत तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया करतात, हात उलट मजबूत होतो’ असं म्हणणारेही भेटतात. लॉस एंजेलिस डॉजर्सचे पिचर टॉमी जॉन यांच्या कोपराचा तुटलेला अस्थिबंध डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ ला दुसऱ्या हातातला स्नायुबंध वापरून नव्याने बांधला. जॉन १९७६ मध्ये परतले आणि त्यानंतर त्यांनी १६४ सामने जिंकले. कथा विलक्षण आहे, पण ती एका प्रौढ व्यावसायिकाची. शस्त्रक्रिया मोडलेलं जोडते, नसलेली ताकद देत नाही. परतलेला पिचर जोमदार दिसतो तो वर्षभराच्या विश्रांतीमुळे आणि व्यायामामुळे, आणि या दोन्ही गोष्टी सुरीशिवायही मिळतात.

‘आम्ही कर्व्हबॉल टाकूच देत नाही’

ठीकच आहे, पण त्याने निश्चिंत होऊ नका. कर्व्हबॉल म्हणजे वळणारा चेंडू मुलांचा हात बिघडवतो, हा समज फार जुना. अभ्यासांत मात्र त्याचा दोष ठळकपणे सिद्ध झालेला नाही. पुन्हा पुन्हा पुढे येतात ते चेंडूंची संख्या आणि थकवा. फक्त सरळ चेंडू टाकणारा, पण तीन संघांतून वर्षभर टाकणारा मुलगा जास्त धोक्यात आहे.

‘आणि स्कॉलरशिप?’

इथे आवाज जरा खाली येतो, कारण बऱ्याच घरांत खर्चाचं समर्थन याच शब्दाने होतं. ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या प्रोजेक्ट प्लेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये अमेरिकी कुटुंबाने मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी १,०१६ डॉलर खर्च केले. ट्रॅव्हल बॉलमध्ये हॉटेल आणि विमान धरलं की हा आकडा भाबडा वाटतो. दुसऱ्या बाजूला, हायस्कुलात बेसबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी सात-आठच एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज क्रीडासंस्थेच्या, कुठल्या तरी पातळीवर पोचतात. त्यातही अनेक वर्षं पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागातल्या अख्ख्या संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या होत्या, त्या तुकडे करून वाटल्या जात. २०२५-२६ पासून, खेळाडूंच्या मोबदल्याबाबतचा नवा न्यायालयीन करार स्वीकारलेल्या कॉलेजांत ही मर्यादा जाऊन संघात ३४ खेळाडूंची मर्यादा आली. पैसा वाढू शकतो, जागा वाढलेल्या नाहीत. स्कॉलरशिपसाठी बेसबॉल हा हिशेब म्हणून बसत नाही. मुलाला आवडतं म्हणून बेसबॉल, हा बसतो.

‘मग लवकर एकाच खेळावर लक्ष दिलं तर?’ अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २०१६ मध्ये उलट सल्ला दिलाय: एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत पुढे ढकला, वर्षात एकूण तीन महिने त्या खेळापासून सुट्टी द्या. फुटबॉल, पोहणं, बास्केटबॉल, काहीही चालेल. हात विसावतो आणि पाय शिकतात.

दोन संघ, एकच हात

शेवटची अडचण नियमांतल्या फटीची आहे. लिटल लीगचा कोच त्याच्या सामन्यातले चेंडू मोजतो. ट्रॅव्हल संघाचा कोच त्याच्या स्पर्धेतले. खासगी पिचिंग कोच तासाभराच्या शिकवणीत किती टाकून घेतले ते त्याच्या डोक्यात. शाळेचा संघ असेल तर तो चौथा. प्रत्येक जण आपापल्या मर्यादेत असतो आणि बेरीज कुणीच करत नाही. ॲपवरही विसंबता येत नाही, कारण सरावातले किंवा इनिंगआधीच्या तयारीतले चेंडू पिच काउंटमध्ये धरतच नाहीत.

ही बेरीज करू शकेल असा माणूस एकच, मुलाला सगळीकडे गाडीतून नेणारा. साधी वही पुरते: तारीख, कुठला संघ, किती चेंडू, सामना की सराव, त्या दिवशी कॅचर होता का, दुसऱ्या दिवशी हात कसा होता. सामन्याआधी प्रत्येक कोचला सांगायचं, ‘गुरुवारी याने दुसरीकडे ४८ टाकलेत, याला शुक्रवार-शनिवार विश्रांती आहे.’ काही कोच आभार मानतील. एखादा नाक मुरडेल आणि उपांत्य फेरी आहे म्हणून गळ घालेल. त्याला शुक्रवारी नाही म्हणायचं काम तुमचं आहे, मुलाचं नाही.